रिकाम्या पाटीचा उतारा

मित्रांनो, मी एक जुनं वाचनकार्ड आहे. माझ्या अंगावर जेमतेम दोन वाक्यं आणि दोन प्रश्न आहेत. पण एकदा त्यांनी अख्खा वर्ग बाकांवरून उठवला होता!

माझा जन्म शर्टाच्या खोक्यातून झाला. १९९४ साली ऐरोलीच्या एका शाळेत राजेश्वरीबाईंनी पुठ्ठा कापला, कडांना लाल पट्टी चिकटवली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'संध्याकाळी केशरआजी रिकामी पाटी घेऊन घरी आली. गल्लीतलं मांजर पाटीकडे बघत तिच्या मागे मागे येत होतं. आजीचा दिवस कसा गेला? कशावरून?'

पहिल्याच तासाला सुनयना उठली. तिचे बाबा तुर्भ्याच्या बाजारात पाटीतून भाजी वाहायचे.

"वाईट गेला, बाई. पाटी रिकामी, म्हणजे कामच नाही मिळालं. बाबा तसे आले की घरात कोण बोलत नाय."

"येडी काय तू?" तेजस म्हणाला. त्याची आजी मासळी विकायची. "पाटी रिकामी म्हंजे सगला म्हावरा खपला. आमची आजी त्या दिवशी खाऊ आनते."

वर्गात दोन तट पडले. गलका ऐकून मुख्याध्यापक शिवराम सर आले. मला उचलून म्हणाले, "दोन उत्तरं येणारा उतारा काय कामाचा? फाडून टाका, बाई."

त्यांच्या बोटांत माझा कोपरा दुमडला.

"जरा थांबा, सर." बाई मुलांकडे वळल्या. "घरचं उत्तर नको. कार्डातलं सांगा. कशावरून?"

सुनयनाने पुन्हा वाचलं, शब्दाशब्दाखाली बोट ठेवत. बोट मांजरावर थांबलं.

"बाई, हे कशाला आलंय? बाबांच्या पाटीमागे कधी मांजर नाय येत. कांदेबटाट्याला कोण विचारतं?" तिचे डोळे चमकले. "वास येतोय त्याला! पाटी मासळीचीच आहे. म्हणजे मासळी खपली. तेजसचं बरोबर."

तेजस डोकं खाजवत म्हणाला, "पन मना मांजर दिसलाच नाय."

सगळा वर्ग हसला. सरही. त्यांनी माझा कोपरा अंगठ्याने सरळ केला आणि मला स्वतः पेटीत ठेवलं.

त्यानंतर कितीतरी मुलांनी मला वाचलं. आता मी कपाटाच्या तळाशी आहे. शाई फिकटली, पट्टी सुटली. मित्रांनो, मला वाळवीपासून जपा. आणि काहीही वाचताना घाई करू नका. मागे मागे येणाऱ्या मांजराला हाकलू नका. त्यालाच तर सगळं ठाऊक असतं!