आजोबांनी निवडलेला जाड्या

मित्रांनो, माझ्या झाकणावर एक लांब ओरखडा आहे आणि दोन बटणांवरची अक्षरे पार पुसली आहेत. त्यावरून ओळखलेच असेल, मी एक जुना लॅपटॉप आहे. तोही चांगला जाडजूड.

एका स्वच्छ कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले. पहिली चार वर्षे मी घरांचे नकाशे काढणाऱ्या बाईंकडे होतो. कितीही अवजड चित्र असो, मी चटकन उभे करायचो. त्या मला शहाणा म्हणायच्या. मग त्यांनी नवा घेतला आणि मी जुन्या मालाच्या दुकानात फळीवर धूळ खात पडलो.

एके दिवशी तिथे एक आजोबा आले. जन्मभर कारखान्यात लेथ यंत्रावर लोखंड कातलेले. हातात चिठ्ठी, लॅपटॉपमध्ये काय काय हवे ते नातीने सांगितलेले. नात आईवडिलांबरोबर दूरच्या शहरात राहायला गेली होती. फोनवर ती "हं, बरी आहे" यापुढे बोलायचीच नाही. डोंगरदऱ्यांचा एक खेळ मात्र तिला आजोबांबरोबर खेळायचा होता. निदान त्या निमित्ताने पोर बोलेल, एवढीच त्यांची आशा.

दुकानदाराने एक चकचकीत, पातळ लॅपटॉप पुढे केला. "काका, नवाकोरा! तुमच्या पैशांत बसतोय."

आजोबांनी चिठ्ठीत पाहिले. "यात जड चित्रं पेलणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे?"

"ते नाही. पण रंग तर बघा!"

"रंग काय चाटायचाय? खेळ जड आहे. तो जाड्या काढा बघू."

आठ दिवसांत परत करता येईल, या बोलीवर मी त्यांच्या घरी गेलो.

तिथे माझी फजिती झाली. खेळ सुरू झाला की मी अडखळायचो. चित्र गोठायचे आणि आजोबा दरीत कोसळायचे. पलीकडे नात ताटकळायची. आजी म्हणाल्या, "भंगार उचलून आणलंत." दोष माझा नव्हता, पण मला तोंड कुठे होते!

आठव्या दिवशी आजोबा शेवटचे खेळायला बसले. पुन्हा दरीत पडले. कानातल्या हेडफोनमधून नातीने विचारले, "आजोबा, चार्जरची वायर लावलीय ना?"

"छे! चार्ज झाला की वायर काढूनच बसतो. मशीनला हात लावायचा तर आधी वीज तोडायची. चाळीस वर्षं लेथवर काढली. दहाही बोटं शाबूत आहेत, ती उगाच नाही."

नात खो खो हसत सुटली. "अहो, हा लेथ नाही! नुसत्या बॅटरीवर तो अर्धपोटी चालतो. लावा वायर!"

आजोबांनी जपून प्लग लावला. माझ्या अंगात वीज आली, पंखे घोंगावले आणि सगळा डोंगर लख्ख उभा राहिला. दोघांनी एकदम उडी मारली.

"पोचलो गं!" आजोबा ओरडले.

पलीकडच्या काठावर दोघे खेळातल्या शेकोटीपाशी बसले. नातीने शेकोटीत एक लाकूड सरकवले. मग हळूच म्हणाली, "आजोबा, इथल्या शाळेत माझ्याशी कुणी बोलत नाही."

"सांग," आजोबा म्हणाले. "मी कुठे जात नाही."

ती तासभर बोलली. मधेच आजी डोकावल्या, "अहो, दुकान बंद होईल. परत करायचाय ना?" आजोबांनी नुसता हात हलवून त्यांना गप्प केले. इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

मित्रांनो, माझ्या पंख्याच्या जाळीतली धूळ अधूनमधून पुसा, मला गादीवर ठेवून गुदमरवू नका. आणि कुणी अडखळताना दिसले, तर त्याला टाकून देण्याआधी एवढे विचारा, की बाबा, तुला पोटभर मिळते ना?