तापाचा आकडा उतरला

डॉक्टर क्षिप्रा हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नव्हती. तुर्भ्यात तिचा दवाखाना. शेजारच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या माथाडींमध्ये फ्लू शिरला, तेव्हा तिने मुंबईतल्या १९१८च्या साथीचे जुने आठवडी आकडे मिळवले. मृत्यू किती वेगाने वाढत गेले, त्यावरून एका आजाऱ्याकडून किती जणांना लागण झाली असेल याचा अंदाज बांधला. साधारण दोघांना. आणि इथे तर एकेका खोलीत वीस-वीस गडी, पाळीपाळीने त्याच अंथरुणावर झोपणारे! साथ भडकणार, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली.

भडकणं राहिलं बाजूला, पुढच्याच आठवड्यात रुग्ण निम्म्यावर आले. कंपाउंडर पोपट हसला. "मॅडम, टेन्शन नको. ऐंशी वर्षांपूर्वीचं गणित ते, गंजलं असेल."

क्षिप्राला राग यायला हवा होता. पण साथ विझत होती, तिला बरंच वाटलं. गणित चुकल्याचा एवढा आनंद तिला शाळेतही कधी झाला नव्हता.

त्या आनंदात ती सत्यभामाबाईंच्या खानावळीत जेवायला गेली. एरवी तिथे मुंगीला शिरायला जागा नसायची. आज पंगत अर्धी रिकामी.

"मावशी, गिऱ्हाईक कुठं गेलं?"

"गावाला. आजारी पडल्याल्या गड्याला हितं कोन बघनार? ताप आला की सातारच्या यष्टीत बसवून देत्यात. घरची भाकर, घरची मानसं, त्येच औषिद. आमचं मालक बी परवा तापातच गावाला गेलं. लेक बाळंतीण हाय न्हवं? म्हनलं, नातीचं तोंड बगितलं की ताप पळंल."

क्षिप्राने हातातला घास ताटात ठेवला. ताप उतरला नव्हता. तो एसटीत बसून गावोगाव गेला होता.

"गावात फोन आहे?"

"सरपंचाकडं हाय. शेजारीच."

बाईंचा हात धरून ती समोरच्या एसटीडी बूथकडे धावली. नंबर लागेना. लागला की एंगेज. पुन्हा फिरवला.

"डाक्टरीनबाई, येवड्याशा जिवाला काय हुतंय का? सांगा की!"

खोटं बोलावं असं क्षिप्राला फार वाटलं, पण जमलं नाही. "त्यांना बाळापासून लांब राहायला सांगा. आधी तेवढं सांगा."

अखेर फोन लागला. सरपंचांनी बाईंच्या मालकांना, शहाजींना, हाक मारली. ते आले आणि बायकोला बोलूच देईनात. ते इतके मोठ्याने बोलत होते की क्षिप्रालाही ऐकू येत होतं.

"माजा ताप पार गेला बग! नात लई गुनाची. आल्यापासनं मांडीवरनं खाली उतरली न्हाई. आज जरा अंग कढत लागतंय तिचं, पर हाय मजेत."

सत्यभामाबाईंनी रिसीव्हर क्षिप्राच्या हातात कोंबला. "तुमीच बोला. माज्यानं न्हाई हुनार."

क्षिप्राने तो कानाला लावला.

"ऐकतीस का?" पलीकडून शहाजी कौतुकाने सांगत होते. "हितं बी घिऊन आलोय तिला. थांब, आवाज ऐकिवतो."

आणि क्षिप्राला एवढासा खोकला ऐकू आला.