फोन्ते वेल्याचा आबिलियो

झुल्मिराने दोन पानं एकदम उलटली आणि फुटबॉलच्या बातमीपासून पुढे वाचायला सुरुवात केली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. पण खिडकीपाशी पत्ते पिसत बसलेल्या सेराफिमने मान वर केली नाही. शेगडीजवळच्या बाकावर विणकाम घेऊन बसलेल्या बायकांच्या सुयाही थांबल्या नाहीत. लिस्बनच्या संघाने शेवटच्या पाच मिनिटांत गोल केला होता. तिने तो गोल नीट, सावकाश वाचून दाखवला.

रविवारची बस चर्चमधली मिस्सा सुटायच्या बेताला यायची आणि आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र झुल्मिराच्या कॅफेच्या दारात टाकून पुढे जायची. गावात अंक येई तो हा एकच. टेलिव्हिजनही इथेच होता आणि टेलिफोनही. नवरा होता तोवर तो वाचून दाखवायचा. तो गेल्यावर पहिल्याच रविवारी सेराफिमने अंक उचलून गुपचूप तिच्यापुढे ठेवला होता, आणि तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ती वाचत होती. मथळ्याखालची, सेन्सॉरने अंक तपासल्याची ओळ सोडली तर ती सगळं वाचायची. जाहिरातीसुद्धा.

आज मात्र चौथं पान तिने मोठ्याने वाचलं नव्हतं. द्राक्षमळ्यांच्या मेळाव्याची बातमी आणि शिवणयंत्राची जाहिरात यांच्यामध्ये अंगठ्याएवढी चौकट होती. गिनीत मातृभूमीसाठी कामी आलेले. तीन नावं होती. दुसरं नाव, शिपाई आबिलियो मार्केश, राहणार फोन्ते वेल्या.

आफ्रिकेत, गिनीत लढायला गेलेल्या आबिलियोची आई समोरच बसली होती. टेलिव्हिजनवरचा कार्यक्रम तीनला होता, तरी आल्बेर्तिना मिस्सा सुटल्यावर घरी न जाता थेट इथे आली होती. डोक्याला धुतलेला काळा रुमाल, पायात सणाचे बूट, मांडीवर फडक्याने झाकलेली परडी. परडीत फिल्योश, म्हणजे दालचिनी-साखरेत घोळवलेले तळलेले गोड वडे होते. पोरगा पडद्यावर दिसला की मग ते वाटायचे, असं तिने ठरवलं होतं. नोव्हेंबरात आलेलं त्याचं पत्र झुल्मिरानेच तिला वाचून दाखवलं होतं. टेलिव्हिजनवाले आमच्या छावणीत येऊन गेले, एकेकाला उभं करून घरच्यांना निरोप द्यायला लावला, ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी बघा. त्यानंतर पाच आठवडे पत्र नव्हतं.

"मावशी," सेराफिम म्हणाला, "पोरगा आला की डोळे मिटू नका हां. एवढुसं दाखवतात. शिंक आली की गेला."

"तुझी टकळी थांबली तर मला शिंकपण येणार नाही," आल्बेर्तिना म्हणाली.

बायका हसल्या. झुल्मिराही हसली. मग अंकाची घडी घालून तिने ती कॉफीच्या डब्यामागे सरकवली आणि काहीतरी आणायचं आहे असं पुटपुटत मागच्या बोळात गेली.

टेलिफोन तिथे भिंतीला होता. तालुक्याच्या पोस्टातली इल्दाबाई रविवारीही टेलिफोन-जोडणीच्या खुर्चीवर बसलेली असायची. झुल्मिराने दार लोटून घेतलं.

"इल्दाबाई, सैन्याकडून आमच्या गावासाठी तार आलीय का?"

"नाही. का गं?"

झुल्मिराने चौकटीतली ओळ शब्दन् शब्द सांगितली.

"तार आल्याशिवाय पेपरात नाव येत नाही," इल्दाबाई म्हणाली. "तसा नियमच आहे."

"आणि नियम चुकला तर?"

"उन्हाळ्यात एकदा झालं होतं तसं. पलीकडच्या खोऱ्यात. आधी पेपर आला आणि मग तार. तू त्या बाईला काही बोलली नाहीस ना?"

"कसं बोलू? ती टेलिव्हिजनसमोर बसलीय. तीन वाजता तो दिसणार आहे."

"अगं, पण ते तर महिन्यापूर्वीचं असणार."

"तेच तर."

"थांब. मी जिल्ह्याला विचारते. तिथनं आणखी पुढे विचारावं लागेल. रविवार आहे, वेळ लागेल. आणि हे बघ, मी तुला काही सांगितलं नाही, तू मला काही विचारलं नाहीस."

झुल्मिरा बाहेर आली तोवर कॅफे भरायला लागलं होतं. लोक घरच्या खुर्च्या घेऊन येत होते. कुणीतरी टेलिव्हिजन लावला, पडद्यावर पांढरे ठिपके नाचले, सेराफिमने उठून मागे एक चापटी मारली आणि चित्र लागलं. या बाबतीत त्याच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव मानायचं. घरी तो रेडिओचा आवाज बारीक करून कुठलंतरी परदेशातलं केंद्र ऐकतो, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

तिने कॉफ्या केल्या. एका कपात साखर दोनदा घातली आणि एकात घातलीच नाही. दर दोन मिनिटांनी तिचे कान मागच्या बोळाकडे जात होते. आत्ता सांगावं का? सांगितलं, तर पोराचा चेहरा बघायचा सुखाचा क्षण तिच्या हातून जाईल. न सांगावं, तर ती पडद्यासमोर हसेल, फिल्योश वाटेल, आणि उद्या सकाळी तार आल्यावर हाच रविवार तिला जन्मभर जाळत राहील. झुल्मिराने तोच पेला तिसऱ्यांदा पुसला.

तीनला कार्यक्रम सुरू झाला. ताडांची रांग, वाळूवर लावलेला माइक, आणि एकेक पोरगा समोर येऊन उभा राहायचा. नाव, गाव, आईवडील, बायको किंवा ठरलेली मुलगी, सुखाचा ख्रिसमस आणि भरभराटीचं नवं वर्ष. सगळ्यांचे शब्द तेच होते. काहींनी ते पाठ केले होते आणि श्वास न घेता म्हणून टाकले. एकाला शब्दच फुटेना, तो नुसता उभा राहिला आणि त्याच्या जागी पुढचा आला. कॅफेत कुणी पत्ते हातात धरले नव्हते.

बाविसावा की तेविसावा आबिलियो होता. टोपी जरा मोठी झालेली, कान तसेच बाहेर आलेले.

"मी शिपाई आबिलियो मार्केश, फोन्ते वेल्याचा. माझ्या आईला, माझ्या बहिणीला आणि सगळ्या गावाला," तो म्हणाला आणि अडखळला. त्याने ओठ ओले केले. "सुखाचा ख्रिसमस आणि भरा... भराभर नवं वर्ष."

त्याचं त्यालाच हसू आलं. बाजूला कुणीतरी हसल्याचंही ऐकू आलं. मग तो गेला आणि दुसरा आला.

कॅफेत एकच हसू उसळलं. "भराभर येणार म्हणे नवं वर्ष," सेराफिम डोळे पुसत म्हणाला, "येऊ दे बाबा, भराभर येऊ दे आणि तूही भराभर ये." आल्बेर्तिनाही हसत होती. खांदे गदगदा हलत होते तिचे. तिने परडीवरचं फडकं काढलं आणि परडी पुढे केली. "घ्या, घ्या. लाजायचं नाही."

झुल्मिराच्या हातातही तिने एक ठेवला. झुल्मिराला तो तोंडाकडे नेता येईना.

तेवढ्यात टेलिफोन वाजला.

बोळ दहा पावलांचाही नव्हता. त्या दहा पावलांत तिने देवाला काय काय कबूल केलं, ते नंतर तिला आठवलं नाही.

"फोन्ते वेल्या दोन आहेत," इल्दाबाई पलीकडून म्हणाली. धावत आल्यासारखा तिला दम लागला होता. "दुसरं वर, डोंगरांपलीकडे, पार उत्तरेला. मी तिथल्या पोस्टातल्या बाईशीच बोलले. तार गुरुवारीच गेलीय. नेऊन देणाऱ्याला तिनेच वाट सांगितली होती."

"दुसरं," झुल्मिरा म्हणाली.

"दुसरं. फोन्ते वेल्या म्हणजे जुना झराच की, तो कुठल्या गावात नसतो? तिथला पोरगा आहे तो. त्याच्या आईचं नाव ग्लोरिया. ऐकतेयस ना?"

झुल्मिरा ऐकत होती. ती भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली होती, रिसीव्हर कानालाच होता. तिला हसू आलं, आणि मग लाज वाटली, कारण गुरुवारी कुठल्यातरी घरात तार पोचली होती आणि इथे तिला हसू येत होतं. पण लाज वाटली म्हणून आनंद काही जाईना. छाती इतकी हलकी झाली होती की तिला वाटलं, आता उभी राहिले तर डोकं छताला लागेल.

"इल्दाबाई, ख्रिसमसला या आमच्याकडे जेवायला."

"येते. मासा खारट करू नकोस," इल्दाबाईने सांगितलं आणि जोडणी तोडली.

हातातला फिल्योश झुल्मिराने तिथेच बसून खाल्ला. मग बोटांची साखर झटकून ती बाहेर आली आणि सगळ्यांना एकेक पेला ब्रँडी ओतली. सेराफिमने पेल्याकडे संशयाने पाहिलं.

"कुणाच्या नावानं?"

"आबिलियोच्या. पी गुमान."

अंधार पडायच्या आत लोक आपापल्या खुर्च्या उचलून घरी गेले. कोंबड्या कोंडायच्या होत्या, डुकरांना खायला घालायचं होतं. आल्बेर्तिना मात्र शेगडीजवळच बसून राहिली. रिकाम्या परडीतलं फडकं तिने घडी घालून पुन्हा उलगडलं.

"आता वाच," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी राहिलेलं पान."

झुल्मिरा काउंटरला धरून उभी राहिली.

"मला वाचता येत नाही, झुल्मिरा. ज्याला वाचता येत नाही तो वाचणाऱ्याचे हात बघतो. सहा वर्षं बघतेय. तू एकेक पान उलटतेस, बोट ओलं करून. आज दोन उलटलीस आणि बोट ओलं केलंच नाहीस. मग टेलिफोनला गेलीस. परत आलीस ती माझ्याकडे न बघता."

"मावशी, तुम्हाला सकाळपासनं..."

"सकाळपासनं."

"आणि तरी तुम्ही बघत बसलात? हसलात?"

"त्यानं हसवलं ना." आल्बेर्तिनाने फडकं मांडीवर सपाट केलं. "म्हटलं, हे शेवटचं असलं तर रडून कशाला घालवू. आणि दुसऱ्यांदा टेलिफोनवरून आलीस तेव्हा तुझ्या गालाला साखर होती. तेव्हा म्हटलं, नाही, आहे माझा पोरगा. तरी वाच. मला ऐकायचंय."

झुल्मिराने अंक आणला, तिच्या शेजारी बसली आणि चौकट वाचली. मग इल्दाबाईने 'मी काही सांगितलं नाही' म्हणत जे कळवलं होतं तेही सगळं सांगितलं. दोन गावं, गुरुवारची तार, ग्लोरिया. आल्बेर्तिनाने छातीवर क्रूस काढला. मग ती रडली. आवाज न करता, बराच वेळ, आणि झुल्मिरा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. रडून झाल्यावर तिचा चेहरा उतरण्याऐवजी खुलला होता.

"भूक लागली बघ," ती म्हणाली. "काही आहे?"

झुल्मिराने तिला चण्यांचं सूप गरम करून दिलं. तिने दोन वाट्या खाल्ल्या.

दाराशी पोचल्यावर ती वळली. "त्या ग्लोरियाच्या गावात टेलिव्हिजन असेल का गं?"

"काय माहीत, मावशी."

"हं," आल्बेर्तिना म्हणाली आणि गेली.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेत फादरांनी मृतांसाठीच्या प्रार्थनेत वेदीवरून नाव घेतलं. आबिलियो मार्केश, फोन्ते वेल्याचा, उत्तरेकडच्या. त्यासाठी आदल्या दिवशी आल्बेर्तिना त्यांच्याकडे गेली होती. तो आपला नव्हे, असं फादर म्हणाले होते, आणि नाव तर आपलंच आहे ना, असं म्हणून ती उठली होती. गावाला आता सगळं कळलं होतं. तरीही नाव उच्चारलं गेलं तेव्हा चर्चमध्ये कितीतरी माना एकदम वळल्या.

आल्बेर्तिना उजवीकडच्या पहिल्या बाकावर बसली होती. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरची माणसं तिथे बसत. बाकी बाक रिकामा होता. झुल्मिरा आपल्या जागेवरून उठली, मधल्या वाटेने पुढे गेली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. मग बुटांचा आवाज आला. सेराफिम हातात टोपी धरून बाकापाशी येऊन थांबला होता. तो वाकला.

"मावशी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुमचा पोरगा जिवंत आहे. इथं बसू नये. उठा."

"जिवंत आहे म्हणूनच बसलेय," आल्बेर्तिना म्हणाली. "इथं कुणीतरी बसायला नको?"

सेराफिम तसाच उभा राहिला. फादर पुढचं वाचायला लागले होते. त्याने एकदा मागे, आपल्या नेहमीच्या जागेकडे पाहिलं, आणि टोपी काखेत धरली.

"मग जरा सरका," तो म्हणाला.