घोंगडी सरकली की टाळ्या

मी एक जुनी घोंगडी आहे. पण मित्रांनो, मला कुणी कधी अंगावर पांघरलं नाही, की माझ्यावर बसून कुणी भाकरी खाल्ली नाही. माझा जन्म गेला पाथरीच्या एका टॉकीजमध्ये, पडद्याच्या डाव्या अंगाला लटकून. एखादं काम रखडलं की ‘भिजत घोंगडं पडलं’ म्हणून तुम्ही माणसं आमचं नाव उगीच बदनाम करता. टॉकीजमध्ये आल्यापासून मी कधी भिजले नाही आणि माझ्यामुळे कुणाचं काम अडलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला घडवलं ते एका मेंढपाळ जोडप्यानं. सुगंधाबाईनं काळ्या मेंढ्यांची लोकर पिंजली आणि सूत कातलं. तिचा नवरा बिरू, त्यानं ते खड्ड्यातल्या मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि मला उन्हात ताणून वाळवलं. त्या खळीमुळे मी अशी ताठ आहे. अंगाला टोचतेही. काय करणार, स्वभावाला औषध नसतं!

टॉकीजमध्ये मी आले ती बिरूच्या एका खोडीमुळे. पाथरीच्या बाजारात घोंगड्या विकून झाल्या की तो दुपारचा खेळ बघायला जायचा. त्या सुमारास तिथं पहिल्यांदाच सिनेमास्कोप लागला होता. मित्रांनो, साधं चित्र खिडकीएवढं म्हटलं, तर सिनेमास्कोपचं चित्र ओसरीएवढं रुंद. त्यासाठी मशीनला वेगळं भिंग लावावं लागतं. एकदा ऑपरेटर ते लावायला विसरला, तर तालमीतले पैलवान कडब्याच्या पेंढीसारखे उभट दिसायला लागले आणि लोक हसून हसून बेजार झाले.

तर त्या रुंद चित्राच्या कडा पडद्यात मावेनात. नायकाचं कोपर शेजारच्या दारावर पडायचं, घोड्याचं शेपूट भिंतीवर हलायचं. मालक तात्याराव यांनी काळं सुती कापड लावून पाहिलं, पण ते चकाकायचं आणि त्यावरही शेपूट हलायचंच. त्यात दाराच्या फटीतून ऊन आत यायचं. बिरूच्या डोळ्यांना ते खुपलं. भर खेळात तो उठला आणि खांद्यावरची घोंगडी त्यानं सरळ दारावर टाकली. मागून आरडाओरडा झाला, खाली बस म्हणून शिव्या पडल्या. आणि मग शिव्या देणारेच पडद्याकडे बोट दाखवू लागले. त्या बाजूची चित्राची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ दिसत होती. सांडलेला सगळा उजेड काळ्या लोकरीनं पिऊन टाकला होता. बिरूला फक्त ऊन अडवायचं होतं, बाकी आपोआप झालं. तात्यारावांनी मात्र त्याला जाऊ दिलं नाही. उंच, लांब अशा दोन घोंगड्या विणून दे म्हणून गळ घातली. त्यातली डावी मी, उजवी माझी बहीण.

काय दिवस होते ते! साधा सिनेमा असला की आम्ही दोघी आत सरकून उभ्या राहायचो. सिनेमास्कोप असला की मागून दोरी ओढली जायची, कप्पी करकरायची, आणि आम्ही हळूहळू बाजूला व्हायचो. पडदा रुंद होत जायचा तशी सगळी टॉकीज टाळ्या वाजवायची. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच, बरं का! देवगाव फाट्यावरून जीप भरभरून माणसं यायची. राणीसावरगावचे पाहुणे त्यासाठी मुक्काम वाढवायचे. तिकिटाच्या खिडकीवर नटाचं नाव कुणी विचारत नसे. विचारायचे, ‘‘आज घोंगडी सरकायली का?’’

हे सगळं बिरू घरी जाऊन सांगायचा. सुगंधाबाईला ते कधी पटलं नाही. लोक सिनेमाला टाळ्या वाजवत असतील, घोंगडीला कोण वाजवतंय, थापा मारू नका, म्हणायची. पुढच्या बाजारी तू जाऊन ये, मी मेंढरं बघतो, असं तो दरवेळी म्हणे. पण कधी मेंढ्या व्यायच्या, कधी कळप लांब गेलेला असायचा. तिचं जाणं राहून गेलं. ती जन्मभर त्याला थापाड्या म्हणत राहिली आणि तो हसत राहिला.

मग घरोघरी छोटे पडदे आले, हातात त्याहून छोटे आले. तात्याराव गेले, बिरूही गेला. टॉकीजमध्ये सोयाबीनची पोती रचली गेली. उंदरांनी माझ्या पोटात बिऱ्हाड केलं. त्यांचा तरी काय दोष, त्यांनाही संसार असतो. माझ्या बहिणीला मात्र कसर लागली आणि एक दिवस ती भुगा होऊन खाली पडली. तेव्हा मला फार रडू आलं.

गेल्या वर्षी दार उघडलं. परभणीचे एक शिक्षक, सिद्धोधन सर, आपली मित्रमंडळी घेऊन आले. ही माणसं जुन्या टॉकीजच्या आणि रुंद पडद्याच्या वेडानं झपाटलेली. तात्यारावांची लेक सत्यशीलाताई, तिच्याकडून त्यांनी एका खेळापुरती टॉकीज मागून घेतली. त्यांनी पोती हलवली, जाळी झाडली, मशीन दुरुस्त केलं, कुठून तरी ते भिंग आणि जुन्या सिनेमाची रिळं मिळवली. मोडक्या खुर्चीवरूनही ते असा मायेनं हात फिरवत, की बघून माझा ऊर भरून यायचा. पण माझी दशा पाहून त्यांनी नवं काळं कापड खिळ्यांनी ठोकायचं ठरवलं आणि मला फाटकाशी कचऱ्यात टाकलं.

बातमी गावात पसरली होती. नातसून बबिताचा हात धरून सुगंधाबाई आदल्या दिवशी बघायला आली, तो वाटेत मीच पडलेले. तिनं वाकून मला चाचपलं, आपल्या हातचं सूत ओळखलं आणि ती तिथंच खाली बसली. सरांना तिनं विचारलं, ‘‘ही सरकायची अन् लोकं टाळ्या वाजवायचे म्हणं. खरं हाय का ओ सर?’’

सरांना ते ठाऊक नव्हतं, तसं त्यांनी कबूल केलं. मग तिनं एकच मागणं मागितलं. कापड ठोकू नका, हिलाच लावा आणि सरकवून बघा. माझी भोकं तिनं तिथंच बसून शिवली. आता उजवी कुठून आणायची? सुगंधाबाईनं बबिताला घरी पाठवलं आणि बिरूच्या खांद्यावरची घोंगडी मागवली. बबिता घुटमळली. बिरू गेल्यापासून ती देवापुढं अंथरली जायची.

‘‘आण गं,’’ म्हातारी म्हणाली, ‘‘देवाला दुसरी अंथरू. ह्येन्ला टॉकीजातच बसायला लय आवडायचं.’’

आणि सरांना तिनं बजावून सांगितलं, ‘‘कुणाला काय बी सांगू नका. सांगून वाजवलेल्या टाळ्या मला नकोत.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉकीज भरली. जुने लोक थोडे, नवी पोरं जास्त. सुगंधाबाई पुढच्या रांगेत बसली होती. मला एकच काळजी. या पोरांनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं आणि मी सरकलेली कुणाला दिसलीच नाही तर? बिरू कायमचा थापाड्या ठरला असता.

आधी एक साधी फिल्म दाखवली. ती संपली आणि दोरी ओढली गेली. मी हलले आणि मध्येच अडकले. कप्पी गंजलेली. सरांनी पुन्हा जोर लावला, मी आणि खाली काळ्या कापडाची जोड दिलेली बिरूची घोंगडी दोघी बाजूला होऊ लागलो. मोकळं माळरान, त्यावरचं आभाळ, पडद्यावर चित्र रुंद रुंद होत गेलं. आणि मग कुठल्या तरी कोपऱ्यातून एक शिट्टी आली, पाठोपाठ टाळ्या. पोरं उभी राहिली, खुर्च्या बडवू लागली. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं हो!

सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला.

‘‘खरं सांगत होते गं ते,’’ ती बबिताला म्हणाली. ‘‘म्याच येडी.’’

मित्रांनो, माझ्यावर सगळ्यांचे उपकार आहेत. विणणाऱ्याचे, ओढणाऱ्याचे, आणि तिकीट काढून अंधारात येऊन बसणाऱ्या प्रत्येकाचे. तुमच्याही गावात एखादी जुनी टॉकीज दार लावून बसली असेल. तिला एकदा उघडायला लावा. आमच्यासारख्यांना ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला, झटका, आणि पुन्हा कामाला लावा. आणि घरातलं कुणी जुनी गोष्ट सांगत असेल, तर ते जिवंत असतानाच त्याच्याबरोबर जाऊन बघून या. सुगंधाबाईच्या शेजारची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती.