दोघींची दहा लाख एक

या, अशा जवळ सरका मित्रांनो. शिलाईचं मशीन जरा थांबलंय, तोवर एक गोष्ट सांगते. मधेच उठायचं नाही हं.

मी एक जुनी संख्या आहे. दहा लाख एक. दोन टोकांना दोन एक, मधे पाच शून्यं. मला कुणा माणसाने घडवलं नाही. ज्याने हे मोजण्याजोगं जग मांडलं, त्याच्याच घरची मी. गुणही दिलाय त्याने. कुठल्याही सहा आकडी संख्येला माझ्याने गुणा, ती लागोपाठ दोनदा उमटते. गाणाऱ्याची ओळ मागच्यांनी जशीच्या तशी उचलावी, तशी.

मला जीव लावला दोन शिंपिणींनी. सख्ख्या बहिणी. थोरली कापड बेतायची, धाकटी काजं-बटणं करायची. बेतायच्या टेबलावर थोरली खडूने एखादी संख्या लिही आणि म्हणे, "फोड बघू!" भाग सापडला तर दिवसभराची काजं थोरलीने करायची, नाही तर ती धाकटीचीच.

एकदा थोरलीने मला लिहिलं. दोघींनी सत्त्याण्णवपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, कशानेच भाग जाईना. खरं तर हजारापर्यंत जायला हवं होतं, पण थोरली म्हणाली, "शंभराच्या आतल्या कुणाला हिने दाद दिली नाही, तर पुढच्यांना काय देणार? ही माझ्यासारखी. एकटी आणि अभंग."

किती कौतुक झालं माझं! टेबलाच्या कोपऱ्यात मला रोज नव्याने गिरवायची ती.

मग एका सकाळी धाकटी धावतच आली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तिला भानच नव्हतं.

"ताई, फुटली! एकशे एकने भाग जातो गं!"

गिऱ्हाईक हसलं. "काय बाई, तुमचा किल्ला पडला की!"

थोरलीचा चेहरा उतरला. तिने बाहीने मला पुसलं. "एवढी हुशार झालीस, तर स्वतःचं दुकान काढ."

"ताई, गंमत होती गं. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक, एकदा करून तरी बघ."

"मला नाही बघायचं."

धाकटी गेली. पलीकडच्या गल्लीत तिने दुकान थाटलं. सणकीचं अबोल्यात कधी रूपांतर झालं, दोघींनाही कळलं नाही. माझं बोलणं थोरलीला ऐकू गेलं असतं तर ओरडले असते: अगं, ती खरं सांगत होती! माझ्या पोटात दोघी आहेत, एकशे एक आणि नऊ हजार नऊशे एक. त्या एकमेकींना भेटतात तेव्हाच मी होते.

वर्षं सरली. एके दिवशी थोरली धाकटीला शेवटचा निरोप देऊन परतली. दार लोटलं, खडू घेतला आणि टेबलाच्या त्याच कोपऱ्यात तो गुणाकार मांडला. अर्ध्या मिनिटाचं काम.

उत्तर आले मी.

"बरोबर होतं गं तुझं," ती धाकटीच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाली.

तेव्हापासून त्या कोपऱ्यावर ती कापड पसरत नाही. मी तिथेच आहे, पुसट.

मित्रांनो, आपलं माणूस "बघ" म्हणालं, तर तेव्हाच बघावं. माझे आकडे विसरलात तरी चालेल. पण काजं करता करता शंभराच्या पुढे एक पाऊल टाकणाऱ्या त्या धाकटीची तेवढी आठवण ठेवा.