दीडशे डबे आणि चौकातला फळा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही गेमचा डबा आहे. माझ्या जन्माने कुणाचं काय साधणार होतं, ते आधी सांगतो. माणसं फायद्याच्या बाजूने पाहिली की लवकर ओळखू येतात.

माझे मालक श्रीपाल मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या वडिलांची, अण्णाप्पांची, ओतकामाची भट्टी होती. तिच्या मागच्या शेडमध्ये श्रीपालांनी आम्हाला बनवायला घेतलं, तेव्हा वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपतोर तुझं हे दीडशे डबं खपीव. शेड तुझी. न्हाय खपलं, तर गप भट्टीवर यायचं."

म्हणजे श्रीपालांना शेड मिळणार होती. आणि भट्टीवरच्या मजूर विठाबाईंना मिळणार होता मोकळा श्वास. सात वर्षं त्या ओतकामाच्या साच्यांची वाळू चाळत होत्या आणि ती धूळ छातीत साठवत होत्या. आमच्या शेडमध्ये त्या खिडकीपाशी स्टुलावर बसून कथिल वितळवत आणि माझ्या पोटातल्या तारा जोडत. दोन महिन्यांत त्यांचा खोकला निम्म्यावर आला होता.

हे १९८५ साल. गावात टीव्ही नवा होता. संध्याकाळचे कार्यक्रम सुरू होईपर्यंत पडदा नुसता काळा. मला त्याला जोडलं की दोन पांढऱ्या पट्ट्या दिसायच्या, मधे एक चौकोनी चेंडू टुकटुक करत फिरायचा, आणि वर दोन खेळाडूंचे गुण उमटायचे. एवढ्यावर घरातली म्हातारी माणसंसुद्धा जेवण विसरायची.

माझं अंग ओतीव ॲल्युमिनियमचं. हाताला वजन लागल्याशिवाय कोल्हापूरकर पैसे सोडत नाही, असा श्रीपालांचा होरा. नावही ठेवलं 'मल्ल'. गणपतीपर्यंत माझे साठ भाऊ खपले. मला वाटलं, आपलं भलं झालं.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या नृसिंहरावांनी प्लास्टिकचा डबा बाजारात आणला. आत मुंबईहून आलेली तीच चिप, तोच चेंडू. फरक फक्त कवचाचा. पण आमच्या चौकात तालमीचा एक फळा आहे. कुस्तीचा निकाल, कुणाचं निधन, कुणाचा वाढदिवस, सगळं त्यावर खडूने लिहितात. टोमणेही तिथेच मारतात. एका सकाळी नृसिंहरावांनी लिहिलं : 'मगदुमांचा डबा न्यायला बैलगाडी आणा. आमचा पिशवीत मावतो.'

श्रीपालांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. कोल्हापूरचा माणूस तोटा सोसेल, पण फळ्यावरची हार सोसणार नाही.

त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई म्हणाल्या, "अहो, लिहू देत की त्यांना. आपलं नव्वद डबं अजून शेडमध्ये पडलंत."

"आणि मी चौकातनं तोंड लपवून जाऊ व्हय?"

दुपारी फळ्यावर उत्तर आलं : 'थोडं थांबा! गुढीपाडव्याला येतोय रंगीत मल्ल. दहा खेळ. वजन निम्मं.'

रंगीत मल्ल कुठे होता? एका वहीच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने काढलेला. पण चौकात टाळ्या पडल्या. कुणीतरी फटाक्यांची माळही लावली. दुसऱ्या दिवशी बिद्रीहून आलेल्या एका पाहुण्याने मला उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"मालक, आता कशाला घ्यू? पाडव्यालाच येतो की."

"अहो पावणं, हा बी चांगलाच हाय."

"असंल की. पर थांबा म्हणून तुम्हीच लिवलंय."

नृसिंहराव गप्प बसते, तर सगळं गिऱ्हाईक त्यांचं होतं. पण गप्प कोण बसणार? त्यांनी लिहिलं : 'पाडवा कशाला? आमचा रंगीत डबा दिवाळी होताच. पंधरा खेळ.' झालं. त्यांचंही गिऱ्हाईक वाट बघत घरी बसलं. दोघेही रोज फळा वाचायला जायचे, आणि आपलं फडताळ बघायला कुणालाच सवड नव्हती.

विठाबाई एकदा धीर करून म्हणाल्या, "मालक, फळा पुसून टाका की. चुकलं म्हणावं. लोक चार दिसांत इसरत्यात."

"विठाबाई, तुमी तारा जोडा."

जोडायला तारा उरल्या नव्हत्या.

दिवाळी आली. शेडमध्ये अठ्ठ्याऐंशी डबे शिल्लक. अण्णाप्पा आले. माझ्या एका भावाला त्यांनी तळहातावर तोललं.

"माल चांगला हाय," ते म्हणाले. श्रीपालांनी मान वर केली. "वितळंल चांगला."

ज्या तारा विठाबाईंनी जोडल्या होत्या, त्या पकडीने ओढून काढायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं. माझे भाऊ मुशीत गेले आणि पंपाचे पंखे होऊन बाहेर पडले. "एक तरी राहू दे," म्हणून त्रिशलाबाईंनी मला मागून घेतलं. आता भट्टीच्या ऑफिसात वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बसतो. पाडवा आला आणि गेला. फळ्यावर त्या दिवशी कुस्तीचा निकाल होता.

मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा जुना खेळ पडला असेल, तर भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आतला एकेक जोड कुणीतरी डोळे ताणून केलेला असतो. आणि उद्याच्या बढाईपायी हातातली वस्तू, हातातलं माणूस टाकू नका.

तीन वर्षं झाली. कोणी काय किंमत मोजली, ते सांगतो. श्रीपालांची शेड गेली, पण वडिलांच्या भट्टीवर त्यांना खुर्ची मिळाली. नृसिंहरावांचा माल पोत्यात गेला, पण रेडिओचं दुकान चालू आहे. माझ्या पडद्यावर दोनच खेळाडूंचे गुण उमटायचे, तिसऱ्याला तिथे जागाच नव्हती. विठाबाई दिवाळीनंतर वाळूवर परतल्या. खिडकीतून मला रोज दोन आवाज यायचे, चाळणीचा आणि खोकल्याचा.

गेल्या आठवड्यापासून फक्त चाळणीचा येतो. चाळणी आता दुसऱ्या बाईच्या हातात आहे.