चौदावा माणूस

हॉलिसने बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. पडद्यावर नुकतीच एक ओळ उमटली होती : नवा पिचर, एच. ग्रीब, १९७६.

एच. ग्रीब म्हणजे तो स्वतःच. वय वर्षं तेवीस.

पडद्याच्या कडेला छोट्या चौकटींत त्याचे सात मित्र आपापल्या घरी बसून बघत होते. कोणी आयोवातच होते, तर दोघं हिवाळ्याला कंटाळून ॲरिझोनात जाऊन राहिलेले. एरवी एकाचंही तोंड बंद नसायचं. आता सगळ्यांचे डोळे त्या ओळीवर होते.

ही लीग हॉलिस बावीस वर्षं चालवत होता. आठ मित्र, आठ संघ. जुन्या काळातले खरे बेसबॉलपटू मार्चमध्ये एकेक करून वाटून घ्यायचे, आणि ज्याने त्या साली मैदानावर जे आकडे कमावले असतील त्यांवरून संगणक एकेक चेंडू खेळवायचा. हॉलिसने स्वतः एक नियम घातला होता : खेळाडू त्या साली खरोखर जेवढा खेळला, तेवढाच इथे वापरायचा. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, त्या साली जेवढी माणसं बाद केली तेवढीच; पुढे एकही नाही. गेल्या साली त्यांच्यातल्या ऑटोने आपल्या पिचरसाठी एकच माणूस जास्त मागितला, तोही त्याने दिला नाही. तेव्हापासून ऑटो त्याला जज्जसाहेब म्हणायचा.

बावीस वर्षांत हॉलिस एकदाही जिंकला नव्हता. आज अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना, आणि समोर मर्ल डोस्टल, गावातला निवृत्त न्हावी. शेवटचा डाव चालू होता. मर्ल एका धावेने पुढे असला तरी हॉलिसची माणसं तिन्ही बेसवर धाव घ्यायला उभी होती आणि डाव संपवणाऱ्या तीन बादांपैकी एकही झाला नव्हता. अशा वेळी मर्लने ग्रीबला आणला.

मार्चमध्ये शेवटच्या फेरीत मर्लने हे नाव घेतलं तेव्हा सगळे हसले होते. ग्रीबला घ्यायचं नाही हा अलिखित रिवाज होता. हॉलिस तरुणपणी खऱ्या, मोठ्या लीगमध्ये तीन आठवडे खेळला, तेरा माणसं बाद केली, कोणाला एक धाव दिली नाही. चौदाव्याला चार चेंडू टाकले आणि पाचव्याला खांद्यात काहीतरी तुटलं. त्यानंतर अडतीस वर्षं तो धान्याच्या कोठारावर काट्यापाशी बसून मक्याचे ट्रक तोलत राहिला. मर्लने आपली थट्टा केली असं वाटून तो पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

त्याने बटण दाबलं. पहिला फलंदाज तीन चेंडूंत बाद. दुसऱ्याने चेंडू उंच उडवला, तो तिथल्या तिथे झेलला गेला.

आणि खेळ थांबला. ग्रीब : तेरा पूर्ण. मर्यादा संपली. चालकाची परवानगी? हो. नाही.

हॉलिसच्या वहीत पेन्सिलीने हेच लिहिलेलं होतं. या मोसमात अकरा वापरले, दोन उरले होते, तेही झाले. आता मर्लकडे एकच पिचर शिल्लक होता, आणि तो काल पूर्ण सामना टाकून दमलेला. बॅटवर होता ओकली, हॉलिसचा सगळ्यात तगडा फलंदाज. 'नाही' दाबलं की चषक जवळजवळ घरातच होता.

"दुसरा आणतो," मर्ल म्हणाला. "दोनच उरलेत हे मला ठाऊक होतं. दोन तर दोन, म्हटलं."

हॉलिसचा डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला होता.

"राहू दे त्याला," तो म्हणाला.

"नको रे. असं फुकट जिंकायचं नाही मला."

"फुकट? ओकली आहे बॅटवर, लेका. तू अजून जिंकलेला नाहीस."

ऑटोने घसा खाकरला. हॉलिसला वाटलं, आता गेल्या सालचं निघणार. निघालंच.

"जज्जसाहेब, मला एक माणूस देताना तुमचा जीव गेला होता."

"हो. चुकलंच माझं. पुढच्या साली घे."

"पुढच्या सालचं पुढे," ऑटो म्हणाला. "माझी हरकत नाही. टाकू दे पोराला."

एकेका चौकटीतून मान हलली. हॉलिसने 'हो' दाबलं.

पहिला चेंडू बाहेर. दुसरा ओकलीने हुकवला. तिसरा त्याने असा हाणला की हॉलिस अर्धा उठला, पण चेंडू रेषेबाहेर गेला. दोन चुका झाल्या, तिसरी झाली की बाद. चौथा चेंडू बाहेर. हॉलिसला आपण कोणाच्या बाजूने आहोत हे आता कळत नव्हतं, आणि त्याला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

पाचवा चेंडू. बोट पळभर अडलं, मग खाली गेलं.

ओकली हुकला. बाद. सामना संपला.

सात चौकटींतून एकच गलका उठला. मर्ल तर खुर्चीवरून उठून चौकटीबाहेरच गेला, नुसती त्याची विजार दिसत होती. हॉलिसही उभा राहिला. डावा हात सरळ वर गेला. उजवा कानापर्यंतच जायचा, पन्नास वर्षं तो तिथेच अडायचा. आजही तिथेच अडला, पण त्याने तो खाली घेतला नाही.

मग त्याने बसून वहीतला तेराचा आकडा खोडला आणि शेजारी सावकाश चौदा लिहिलं.

आर्डिथ राजमा-खिम्याच्या तिखट चिलीचा वाडगा आणि दालचिनीचा गोड पाव घेऊन आली. आवाज तिने स्वयंपाकघरातूनच ऐकला होता. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"जिंकलास वाटतं एकदाचा?"

हॉलिसने वाडगा जवळ ओढला आणि पाव त्यात बुडवला.

"हो," तो म्हणाला.